आमची कुकरवाली उषा

आमची उषा मला माझंच लाटणं विकायची.

दुपारी भाकरी आटोपून मी भांडी घासायला बसले की दारावर टकटक व्हायची. दार उघडंच असायचं, तरी टकटक. वर बघावं तर उंबऱ्यात उषा उभी. ओढणी नीट, केस पाणी लावून चापून बसवलेले आणि हातात माझंच लाटणं.

"नमस्कार मॅडम. आपली दोन मिनिटं घेऊ का?"

मी हसू दाबत मान हलवायचे. मग ती सुरू व्हायची. "हे बघा, दोन्ही बाजूंनी सारखं. कुठूनही धरा, पोळी गोलच होते. घरात सासूबाई असतील तर दुसऱ्या कामालाही येतं."

माझ्या सासूबाई म्हणजे तिची आईच. त्या आतून ओरडायच्या, "उषे, तुझ्याच पाठीत घालते ते लाटनं!"

"बघितलंत मॅडम? आतूनसुद्धा मागणी आहे. मग बांधू का?"

मी म्हणायचे, "बांधा." की ती लाटणं आपटून खाली बसायची. "वहिनी, एकदा तरी न्हाई म्हन की गं! तू लगेच घेतीस. अशानं माझा सराव कसा हुनार?"

पण मला नाही म्हणता यायचंच नाही. कासारणीनं नको त्या रंगाच्या बांगड्या भरल्या तरी मी हात पुढं करून गप्प बसायचे. आणि हवं असलेलंही कधी मागितलं नाही. चौथीतून शाळा सुटली, मग शेळ्या, मग लग्न. चार माणसांपुढं बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. नोकरीच्या मुलाखतीआधीच्या त्या एका आठवड्यात उषानं मला लाटणं, सूप, तवा आणि घराची मागची खिडकी विकली.

उषा माझी धाकटी नणंद. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून मी तिला उषाताई म्हणायचे, अहो-जाहो करायचे. लग्नानंतर पंधरा दिवसांतच ती चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, तू अहो म्हनलीस की माझ्या मागं कुनी म्हातारी उभी हाय का ते बघावं वाटतं. अगं म्हन."

"सासूबाई रागावतील."

"आई काय चावती व्हय?"

हे तिचं ठरलेलं बोलणं. कुणाचंही भय दाखवलं की ती हेच विचारायची. कॉलेजचे प्रिन्सिपल, बँकेचा साहेब, तालुक्याच्या कचेरीतला शिपाई, सगळ्यांच्या बाबतीत एकच सवाल, चावतंय व्हय? एकदा गल्लीतल्या तांबड्या कुत्र्याबद्दलही तिनं तोच सवाल केला, आणि ते चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. पंधराव्या दिवशी नळावर भांडण लागलं तर ही सगळ्यांच्या पुढं, "पानी मागितलं तर काय चावनार हायेस व्हय?"

राहात्यात आमच्या गल्लीतली ती पहिली बी.कॉम. निकाल लागला त्या दिवशी विहारासमोर मुलींनी तिला उचललं आणि खाली पाडलं. सासरे साखर कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांना पोरीचा फार अभिमान, पण बोलून दाखवायची सवय नव्हती. त्यांनी श्रीगोंद्याच्या आपल्या मेव्हण्याकडून तिकडच्या कारखान्यात तिच्यासाठी हंगामी कारकुनाची जागा बोलून ठेवली. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की खिडकीच्या आत बसून उसाच्या गाड्यांच्या पावत्या लिहायच्या.

"खिडकीत?" उषा म्हणाली. "दिवसभर? गप?"

'गप' हा शब्द तिनं असा उच्चारला की मला तिची कीव आली आणि हसूही आलं.

शेवटी ठरलं ते असं. दिवाळीपर्यंत तिनं आपली आपण नोकरी शोधायची. नाही मिळाली तर मुकाट श्रीगोंदा.

मग पेपरात ती जाहिरात आली. प्रेशर कुकरची कंपनी, गावोगाव बायकांना कुकर करून दाखवायला पदवीधर मुली हव्यात. मार्केटिंगचं काम.

"मार्केटिंग म्हंजे?" सासऱ्यांनी विचारलं.

"मार्केट म्हंजे बाजार, अण्णा."

"मग बी.कॉम. कशाला केलंस? बाजार तर तुझी आईबी करती."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "दारोदार हिंडायचं. लोक आडनाव इचारत्यात, अन् मग पानीबी वरनं वततात. कशाला त्वांड कडू करून घ्यायचं?"

उषा म्हणाली, "आडनाव मीच आधी सांगून टाकनार. त्यांचा इचारायचा येळ वाचंल. अन् पान्याची बाटली माझी मी नेईन. कुकर घ्यायचाय का तेवढं बोला म्हननार." सासूबाई तांदूळ निवडत राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिच्या ड्रेसला इस्त्री करून आणली.

मुलाखत नगरला. आमचे हे शिर्डीच्या एका हॉटेलात कामाला, त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून सोबत मी गेले. एका लॉजच्या खोलीत मुलाखती होत्या. बाहेरच्या बाकावर पंधरा-सोळा मुली, कुणी टाचांच्या चपला घातलेल्या, कुणी इंग्रजीत पुटपुटणाऱ्या. मी भिंतीला चिकटून उभी. दार अर्धं उघडं होतं, त्यामुळं सगळं ऐकू आलं. साहेब दक्षिणेकडचे. त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. उषानं इंग्रजीतच तीन वाक्यं धडाधड म्हटली आणि अडकली.

मग उषाचा आवाज, "सर, माझं इंग्रजी इथपर्यंतच आहे. पण मला ज्यांना कुकर विकायचाय ना, त्यांचं याच्याही आधी संपतं."

साहेब हसले. त्यांना मराठी कळत होतं, बोलताना तेवढं अडखळायचे. "ठीक," ते म्हणाले. "तुमच्या गावात वीस बायका जमवा. कुकर आम्ही देतो. मी येणार, बघणार."

परतीच्या एस.टी.त तिनं शेजारच्या बाईला, पुढच्या बाकावरच्या दोघींना आणि कंडक्टरला कुकरची माहिती सांगितली. कंडक्टर म्हणाला, "ताई, मी डेपोच्या कँटीनला जेवतो."

"मग घरची मंडळी उपाशी असत्यात व्हय?" उषानं विचारलं. सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले, पण माझे खांदे हलत होते.

साहेब यायच्या दिवशी महिला मंडळाच्या खोलीत वीस नाही, चाळीस बायका आल्या. उषा चार दिवस घरोघर फिरली होती. पायरीपर्यंत बायका. साहेब खुर्चीवर, उषा मध्ये स्टोव्हपाशी, आणि मी दाराआड, स्टोव्हला पंप मारायला लागला तर म्हणून.

कंपनीच्या पुस्तकात पुलाव सांगितला होता, उषानं पुलाव केला. चांगला झाला. बायकांनी माना हलवल्या, वास घेतला आणि पदर झटकून उठायला लागल्या. राधाक्का म्हणून एक म्हातारी होती. सगळ्या गल्ल्यांतली लग्नाची पुरणं तिच्या देखरेखीखाली व्हायची. ती म्हणाली, "भात काय, पातेल्यातबी हुतो. पुरनाची डाळ शिजवून दाव, मग बघू."

"दाखवते की!" उषा म्हणाली. कुणाच्या तरी घरून भिजवलेली डाळ आली. उषानं पुस्तकात बघून डाळीच्या दुप्पट पाणी घातलं, झाकण लावलं. शिट्ट्या झाल्या. पहिल्या शिट्टीला पुढच्या चौघी मागच्या चौघींच्या मांडीवर जाऊन पडल्या. हसण्यानं खोली दणाणली. मग वाफ जिरली, झाकण उघडलं. डाळ लोण्यासारखी शिजलेली. उषानं ऐटीत पातेलं फिरवून दाखवलं.

राधाक्कानं आत डोकावलं. "अन् कट कुठंय?"

डाळीनं सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. निथळायला थेंब नव्हता.

"कट न्हाई तर आमटी कशाची करायची?"

"अन् आमटीबिगर पोळी कशासंगं खायची, चहासंगं?"

"डाळ शिजली, पर सन बुडला की गं बाई!"

साहेब उषाकडं वाकून म्हणाले, "कट काय आहे?" त्यावर चाळीस बायका एकदम हसल्या आणि चाळीस जणी एकदम त्यांना कट समजावायला लागल्या. डाळ शिजली की वरचं पाणी काढायचं, त्याची काळा मसाला घालून आमटी करायची, ती पोळीपेक्षा चढाओढीनं खातात, आणि दुसऱ्या दिवशी शिळी तर विचारूच नका. साहेबांनी दोन्ही हात वर केले.

मला आधीच कळलं होतं की पाणी कमी पडलंय. पण बोलणार कसं? मी दाराआडून हात लांब केला आणि उषाची ओढणी ओढली. ती वाकली. मी तिच्या कानात म्हटलं, "चौपट पानी घाल. चमचाभर तेल. अन् शिट्ट्या निम्म्याच."

दुसरी एखादी असती तर सारवासारव केली असती. उषा ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "चुकलं! परत लावू. आता आमची वहिनी सांगती तसं."

बायकांना ते फार आवडलं. राधाक्कानं स्वतःच्या घरची डाळ मागवली. ती शिजेपर्यंत कुणी उठू नये म्हणून उषानं बायकांना त्यांच्याच वस्तू विकायला काढल्या. एकीला तिची पिशवी विकली, एकीला तिची मंगळसूत्राची वाटी, आणि राधाक्काला राधाक्काचीच तपकिरीची डबी. "नव्यासारखी आहे, एकाच म्हातारीनं वापरलेली." राधाक्का हसून हसून खोकायला लागली.

झाकण उघडलं. वरती पिवळाधमक कट. उषानं तो पातेल्यात ओतायला सुरुवात केली आणि धार काही संपेना. राधाक्कानं वाटी पुढं केली, उषाच्या हातून कट घेतला, फुंकला आणि ती प्यायली. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. मी डोळे मिटून घेतले.

"व्हय," राधाक्का म्हणाली. "कट हाय."

साहेबांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं. मग उषाला विचारलं, "हे पुस्तकात नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"मला नव्हतं, वहिनीला होतं," उषा म्हणाली. "मला फक्त बायका जमवता येतात."

"तेच काम आहे," साहेब म्हणाले. "सोमवारपासून. पण कच्चं हं. पहिल्या गावात एक तरी ऑर्डर आली पाहिजे. मग पक्कं पत्र."

घरी येताना उषा रस्त्यानं सरळ चाललीच नाही. दोन पावलं चालायची, एक गिरकी घ्यायची. मला म्हणाली, "वहिनी, मला कुनीतरी चिमटा घे." मी घेतला. "इतक्या जोरात न्हाई गं!"

पहिलं गाव पुणतांब्याकडची एक वाडी. सोमवारी सकाळी दुधाचा टेम्पो तिकडं जायचा, त्यात पुढं बसून ती गेली. मांडीवर कुकरचा खोका. सगळी गल्ली सोडायला आली होती. मी घरी परत आले, चहाचं भांडं ठेवायला फळीकडं हात केला आणि तिथं वाटीत कुकरची शिट्टी. आदल्या दिवशी मीच कुकर घासला होता आणि शिट्टी हरवू नये म्हणून वेगळी ठेवली होती.

शिट्टीशिवाय कुकर म्हणजे नुसतं जड पातेलं. पहिला दिवस, पहिलं गाव, आणि माझ्यामुळं ती श्रीगोंद्याच्या खिडकीत जाऊन बसणार.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग हितं रडतीस कशाला? जा, नेऊन दे."

"मी? एकटी?"

"मग काय ह्या गुडघ्यानं मी जाऊ?"

मी आयुष्यात एकटी एस.टी.त बसले नव्हते. कंडक्टरनं "कुठं?" विचारलं तर आवाजच निघेना. त्यानं तीनदा विचारलं. चौथ्यांदा मी इतक्या मोठ्यानं गावाचं नाव सांगितलं की ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. फाट्यावर उतरले. शिट्टी मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचा गोल उमटला. वाडीच्या तोंडाशी एक आजोबा बसले होते. मी विचारलं, "कुकरवाली ताई कुठं हाय?"

ते म्हणाले, "आवाज येतोय तिकडं जा."

खरंच येत होता. मी त्या आवाजाच्या मागं मागं दोन बोळ ओलांडले, शेवटी तर पळालेच. आणि एका ओसरीपाशी पोचते तोच आतून शिट्टी झाली. खणखणीत, लांबलचक.

मी जागीच उभी राहिले. ओसरीवर पंचवीस-तीस बायका, मध्ये उषा. मला बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. "वहिनी? एकटी आलीस?"

मी मूठ उघडून शिट्टी दाखवली. तिनं शिट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खालीच बसली. हसता हसता तिला बोलता येईना. शेवटी म्हणाली, "अगं, खोका उघडला तर शिट्टी न्हाई. म्हनलं, बायांनो, माझी शिट्टी घरी ऱ्हायली, कुनाकडं हाय का? तर ह्या मावशींच्या सुनंच्या माहेरचा कुकर दोन वर्सं माळ्यावर पडून. भ्यात्यात लावायला! त्याचीच आनली."

ज्यांची ओसरी होती त्या मावशी मला न्याहाळत होत्या. "ह्या कोन?"

"ह्या आमच्या वहिनी. कटाची माहिती ह्यांचीच."

झालं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. मावशींनी विचारलं, "बाई, ही पोरगी बोलती लई गोड. पर तुमी खरं सांगा. तुमच्या घरी हाय का हा कुकर? फुटत न्हाई न्हवं?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. आमच्या घरी कुकर नव्हता. डाळ पातेल्यात शिजायची, दीड तास, आणि धुरानं माझे डोळे चुरचुरायचे. उषानं माझ्याकडं बघितलं. तिला आयतं 'हो' म्हणून टाकता आलं असतं, पण ती गप्प राहिली. दिवसभरातली पहिलीच वेळ असेल.

"न्हाई," मी म्हणाले.

माझ्या तोंडून निघालेलं पहिलं 'न्हाई', आणि ते नेमकं इथं! बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक-दोघी उठल्याच. उषाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तेव्हा आतलं काहीतरी आपोआप वर आलं.

"आमच्याकडं न्हाई," मी म्हणाले, "पन मला पायजेल. लई पायजेल. दीड तास चुलीम्होरं बसायचं, ते मला आता नगं हाय."

उषानं हळूच वही उघडली, मांडीवर घेतली, पेन टेकवलं आणि कंपनीच्या आवाजात विचारलं, "पूर्ण नाव सांगा, मॅडम."

तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! पण ती थांबून राहिली. मी माझं नाव सांगितलं, मागोमाग यांचं नाव, मग आडनाव, सगळं एका दमात, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं.

"अगं बया!" मावशी किंचाळल्या. "नवऱ्याचं नाव उखान्याबिगरच घेतलं की हिनं!"

असा काही हशा उसळला की माळ्यावरची कबुतरं उडाली. मी पदरात तोंड लपवलं, पण आत मीही हसतच होते. उषाचं पेन कागदावर नाचत होतं, अक्षर पार वाकडं आलं. मावशी डोळे पुसत तिच्या शेजारी सरकल्या आणि वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "लिव गं पोरी, तिच्याखाली माझं लिव. अन् माझ्याबी नवऱ्याचं नाव मीच सांगनार."